यासीनच्या पाठीचा पंचनामा

काहिल सापडली होती, चोरही सापडला होता. सापडत नव्हते ते पंच.

मी तेव्हा पोलिसात रायटर होतो. रायटर म्हणजे ठाण्यात बसून फिर्यादी, जबाब आणि डायरी लिहिणारा हवालदार. लाठी मला कधी नीट धरता आली नाही. अक्षर मात्र छापल्यासारखं, म्हणून साहेबांनी टेबलामागे बसवलेलं. गाव बारामती आणि इंदापूरच्या मधलं. नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून धडधाकट आहेत आणि त्यांची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे.

थंडीचे दिवस होते. कालव्याच्या पाण्यावर ऊस माजलेला, जिकडेतिकडे गुऱ्हाळं पेटलेली. गावात शिरलं की गुळाचा वास अंगाला चिकटायचा. आजही कुठे रस उकळल्याचा वास आला की मी तिशीतला होतो, आणि माझा जुना पट्टा मला अजून बसेल असं उगाच वाटतं.

त्यात गिरजाकाकूंच्या गुऱ्हाळावरची काहिल चोरीला गेली. काहिल म्हणजे रस उकळायची लोखंडी कढई, चार माणसांनी उचलावी एवढी. ती शेजारच्या मळ्यात कडब्याच्या गंजीखाली सापडली. मळेवाला म्हणाला, "माझीच हाय." इकडे काकूंचा ऊस तोडून पडला होता. तोडलेला ऊस दोन-तीन दिवसांत आंबतो, मग त्याचा गूळ धरत नाही.

"रायटरदादा, काहिल तेवढी द्या," काकू म्हणाल्या. "बाकीचं तुमी निवांत लिवत बसा."

पण देता येत नव्हती. पोलीस एखादी वस्तू जप्त करतात तेव्हा गावातली दोन भली माणसं तिथे उभी राहतात. काय सापडलं, कुठं सापडलं ते स्वतः बघतात आणि कागदावर सही करतात. ते पंच, आणि तो कागद म्हणजे पंचनामा. त्याच्याशिवाय कोर्ट आमच्या शब्दाला विचारत नाही. काहिल तशीच दिली असती तर चोर सुटला असता आणि उद्या तीच काहिल पुन्हा मागायला आला असता.

आमचा ठरलेला पंच म्हणजे मन्सूरभाई तांबोळी. विड्याच्या पानांचं दुकान ठाण्यासमोरच. माणूस सरळ, कोर्टात न डगमगणारा. निरोप गेला की हात पुसून निघायचे. या वेळी शिपाई एकटाच परत आला.

"न्हाय म्हणत्यात."

शेजारचा कासार नाही म्हणाला. शिंपी नाही म्हणाला. वाण्याने तर दुकानाची फळीच लावून घेतली.

कारण मला ठाऊक होतं. राज्य तेव्हा इंग्रजांचं. आठच दिवसांपूर्वी हायस्कूलची पोरं तिरंगी झेंडा घेऊन, गाणी म्हणत प्रभातफेरीला निघाली होती. फौजदारसाहेबांनी त्यांना चावडीपुढे अडवलं. माणसं कमी पडत होती, म्हणून माझ्याही हातात लाठी दिली. पोरं पळाली नाहीत, खाली बसली. हुकूम सुटला. मी घाबरून डोळे मिटले आणि लाठी चालवली. कुणाला तरी लागली. मन्सूरभाईंचा यासीन, मॅट्रिकच्या वर्गातला, त्या दिवशी जायबंदी झाला. संध्याकाळी डायरीत मीच लिहिलं : 'किरकोळ बळाचा वापर. कोणासही दुखापत नाही.' अक्षर फार सुंदर आलं होतं.

"टाक कोणतीही दोन नावं," फौजदारसाहेब म्हणाले.

"साहेब, कोर्टात ती माणसं उभी करावी लागतील."

"तेव्हाचं तेव्हा बघू."

चोर कोपऱ्यात उकिडवा बसून ऐकत होता. "माझंच नाव घाला की पंचात," तो म्हणाला. "म्या सही बी करतो."

मी उठून समोर गेलो.

"मन्सूरभाई, काकूंचा ऊस आंबायला लागलाय."

"दिसतंय की."

"मग चला."

"तुमी लिवनार आनि आमी सही करनार, व्हय ना?" ते पानं पुसत होते, मान वर केली नाही. "त्या दिशी काय लिवलंसा?"

मी दुकानाच्या पायरीवर टेकलो.

"कुनालाच लागलं न्हाय म्हनून लिवलंय, असं ऐकतो. यासीन, हितं ये. पाठ दाव हवालदारांना."

पोराने डाव्या हाताने सदरा वर केला. उजवा वर जात नव्हता.

"आदी ह्येचा पंचनामा लिवा. पंच हितंच हायत." कासार आणि शिंपी पायरीवर येऊन बसलेच होते. "मग काहिलीचं बघू."

मी मांडी घालून कागद पसरला. पंचनाम्यात जागेच्या चतुःसीमा लिहायच्या असतात. हाताला तीच सवय : 'पूर्वेस उजवा खांदा, पश्चिमेस…'

"रायटर," शिंपी म्हणाला, "पाठ हाय ती, वावर न्हाय."

यासीनलाही हसू आलं, आणि हसताना तो कळवळला. मी खोडून पुन्हा लिहिलं. वळ वीतभर लांब, दोन बोटं रुंद, कडेला हिरवट. खांद्याचं हाड सुजलेलं. हात कानापर्यंत जात नाही.

"कुनी मारलं त्ये लिवा," मन्सूरभाई म्हणाले.

"ते कसं कळणार? गर्दी होती."

"मला म्हायती हाय," यासीन म्हणाला. "मारनाऱ्यानं डोळं मिटलं व्हतं. म्या न्हवतं मिटलं."

घरी बायकोला आठवा महिना होता. नोकरी गेली तर काय, हे सगळं त्या पायरीवर बसल्या बसल्या मनात येऊन गेलं. पण त्या पोराच्या तोंडाकडे बघून दुसरं नाव लिहिता येईना. मी माझं नाव लिहिलं आणि बिल्ल्याचा नंबरही. दोघांनी सह्या केल्या. ठाण्यात जाऊन मी तो पंचनामा डायरीत चढवला आणि आठ दिवसांपूर्वीची नोंद खोटी असल्याचंही खाली लिहिलं.

मन्सूरभाई हात पुसून मळ्यावर आले. कासारही आला. काहिलीच्या काठावर काकूंच्या मालकांनी ठोकलेली खूण होती, ती दोघांनी बोट फिरवून पाहिली. अर्ध्या तासात काम झालं. दुपारी काहिल चुलाणावर चढली.

फौजदारसाहेबांनी डायरी वाचली. "हे काय लिहिलंस?"

"झालं ते, साहेब."

"फाड ते पान."

"पानांवर नंबर आहेत, साहेब. फाडणाऱ्याची चौकशी होईल."

साहेबांनी मला गाढव म्हटलं. ते मला त्या आठवड्यात पहिल्यांदाच पटलं.

चोराला शिक्षा झाली. माझी एक फीत उतरली आणि तीन महिन्यांनी भिगवणला बदली झाली. साहेबांना काहीच झालं नाही. यासीनचा हात पुढे कधी खांद्याच्या वर गेला नाही.

मुलांना ही गोष्ट सांगितली की ती विचारतात, "मग मन्सूरभाईंनी तुम्हाला माफ केलं ना?" मला माहीत नाही. मी विचारलं नाही, ते बोलले नाहीत. त्या तीन महिन्यांत आणखी दोन पंचनामे झाले, दोन्हींना बोलावल्याबरोबर आले. आधी ते न वाचताच सही करायचे. आता कागद उजेडाकडे धरायचे आणि एकेका ओळीवर बोट ठेवून शेवटपर्यंत वाचायचे. मी शेजारी दौत धरून उभा राहायचो.

पंच वाचत असेल तर पोलिसाने घाई करू नये. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी शिकलो ते एवढंच.