चंद्रीचा चीक आणि गार पडलेले कान

मंगळवारी पहाटे आमची चंद्री व्याली. तिसरं वेत, आणि कालवड झाली... गोठ्यात नुसता आनंदीआनंद!

आमचं घर कोल्हारला, प्रवरेपासून थोडं आत. गाई पाच आहेत, पण चंद्री म्हणजे सासूबाईंचा जीव की प्राण. मी त्यांना आत्याबाई म्हणते. माझ्यावर रागवायचं असलं तरी आधी चंद्रीला घास घालतात, मग माझ्याकडे वळतात.

गाय व्याली की आमच्या गल्लीत बातमी न सांगताच पोचते. पहिल्या दिवसाचा चीक शेजारीपाजारी वाटायचा, घरोघरी खरवस व्हायचा, ही पद्धत. आणि कुणाला नाही म्हणणं आत्याबाईंना जमतच नाही! त्या दिवशी दारात पातेल्यांची रांगच लागली.

कालवड पोटभर प्याली आणि आत्याबाई धारेला बसल्या. कास पार मोकळी करूनच उठल्या. मीही भरलेली बादली बघून खूश... वेलदोडे कमी पडतील म्हणून दुकानात पळाले.

दुपारी वैरण टाकायला गेले तर चंद्री खाली बसलेली. मान वळवून कुशीवर टेकवलेली, नाक कोरडं ठक्क. हाक मारली, थोपटलं, हिरवा घास तोंडाशी नेला... छे! काही उपयोग नाही.

आत्याबाईंनी तिच्या कानाला हात लावला आणि त्यांचा चेहराच उतरला. "लई गार लागत्यात गं कान... माझी चंद्री जाती का काय?" त्यांना असं रडवेलं मी कधीच पाहिलं नव्हतं.

फोन केला. देव पावला म्हणायचं, जनावरांचे डॉक्टर जवळच्याच वस्तीवर होते, लगेच आले. डोळे बघितले, कान बघितले, आणि पहिलाच प्रश्न, "सकाळी सगळी धार काढली का?"

"व्हय... चीक वाटायचा हुता ना," आत्याबाई हळूच म्हणाल्या. डॉक्टर रागावले नाहीत. कॅल्शियमची बाटली माझ्याकडे दिली आणि कोमट पाण्यात ठेवायला सांगितली.

बाटली कोमट होईपर्यंत त्यांनी आम्हाला समजावलं. दूध रक्तातूनच तयार होतं, लिटरभर दुधासाठी शेकडो लिटर रक्त कासेतून फिरतं. चिकातलं कॅल्शियमही रक्तातूनच येतं. सगळा चीक एकदम काढला की कास पुन्हा भरायला लागते आणि रक्तातलं कॅल्शियम तिकडे ओढलं जातं.

आणि हृदय म्हणजे तरी काय, एक स्नायूच. त्यालाही आकसायला कॅल्शियम लागतं. ते कमी पडलं की ठोका दुबळा होतो, रक्त कानापर्यंत नीट पोचत नाही... म्हणून कान गार.

मी बारावी सायन्सवाली बरं का! माशाच्या हृदयाला दोन कप्पे, बेडकाला तीन, गाईला आणि आपल्याला चार... घडाघडा पाठ करून मार्क मिळवले आणि विसरून गेले. माझं रक्त आणि चंद्रीचं रक्त एकाच वाटेनं फिरतं, आधी फुप्फुसात, परत हृदयात, मग सगळ्या अंगभर... हे मला गोठ्यात उभं राहून पहिल्यांदा कळलं.

डॉक्टरांनी मानेची शीर अंगठ्यानं दाबली, तशी ती दोरीसारखी वर आली. सुई आत गेली आणि बाटली माझ्या हातात. उंच धरली की औषध भरभर जातं, खाली घेतली की हळू. "घाई अजिबात नको. हेच औषध एकदम गेलं तर हृदय बंद पडतं," एवढं सांगून त्यांनी पुढच्या डाव्या पायामागे स्टेथोस्कोप लावला आणि डोळे मिटले.

माझा हात भरून आला, पण हलायची सोय नाही. निम्मी बाटली गेली असेल... "खाली घ्या!" मी दचकून बाटली खाली घेतली. ठोका चुकत होता.

आत्याबाईंनी चंद्रीचा कान दोन्ही हातांत धरलेला, तोंडानं खंडोबाचा धावा. मला माझ्याच छातीतली धडधड ऐकू येत होती.

मग डॉक्टरांनी मान हलवली. "घ्या आता वर... हळूहळू."

बाटली संपत आली तशी चंद्रीच्या अंगावर थरथर आली आणि तिनं एक भलामोठा ढेकर दिला. मला एकदम हसूच फुटलं! तेवढ्यात आत्याबाई ओरडल्या, "अगं, ऊन लागतोय कान! हात लाव, हात लाव!" खरंच कोमट होता.

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप आत्याबाईंच्या कानाला लावला. बराच वेळ ऐकत बसल्या. "केवढ्यानं वाजतंय ओ..." म्हणाल्या आणि पदर डोळ्याला लावला.

थोड्या वेळानं चंद्री धडपडत उठली, कालवडीला चाटायला लागली. तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. डॉक्टर जाताना बजावून गेले, दोन-तीन दिवस धार पुरती काढायची नाही, कासेत थोडं राहू द्यायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीच्या टोकाच्या काकू पातेलं घेऊन हजर! आत्याबाई अर्धीच बादली घेऊन गोठ्यातून आल्या. मी श्वास रोखून बघत होते, आता या काय करणार...

"आज न्हाई गं बाई," त्या म्हणाल्या. "आज चंद्रीचं चंद्रीलाच."

डॉक्टर, तुमचे आभार मानावेत तेवढे थोडेच आहेत. आणि चंद्री, तुझेही गं... इतकी वर्षं तू आम्हाला तुझ्या रक्तातलं काढून देत होतीस, आणि आम्ही फक्त बादली किती भरली ते बघत होतो.