फार नीट कापलेला मोर

हे मी आजवर कुणाच्या कानावर घातलेलं नाही. आईच्या नाही, ज्यांच्याबरोबर उन्हातान्हात पत्रकं वाटली त्या मैत्रिणींच्या नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं तिच्या तर नाहीच. मला लिहायची सवय आहे — पण दुसऱ्यांच्या चुका. ‘जाब द्या’, ‘लाज वाटू द्या’, ‘खपवून घेणार नाही’ — हे शब्द हाताला इतके बसलेत की स्वतःवर लिहायला घेतलं की पेन अडतं. जाब विचारायचा तो कुणाला?

विषय तसा हसण्यासारखा आहे. कपकेकवरची काडी. तुम्ही पाहिली असेल — वाटीएवढा केक, वर क्रीम, क्रीममध्ये खोचलेली काडी आणि तिच्या टोकाला सोनेरी मुकुट, नाहीतर चकाकत्या अक्षरांत ‘हॅपी बर्थडे’. टॉपर म्हणतात त्याला. दुकानात पाकिटंच्या पाकिटं लटकत असतात. मूल काडी उपसतं, क्रीम चाटतं, काडी फेकतं. संपला सोहळा. बेळगावच्या अनगोळ भागात मी खोली घेऊन राहत होते, तिथं मागच्या गटारात हे मुकुट तरंगत यायचे. प्लास्टिक ते प्लास्टिक, वर चमकी. माझं डोकं तिथंच फिरलं.

आम्ही पाच जणी होतो. कॉलेज नुकतंच संपलेलं, अंगात रग, आणि ओळखीचा एक झेरॉक्सवाला. मी पत्रक लिहिलं — ‘विकतची सजावट, फुकटचा कचरा’. घरचा केक करता ना? मग वरची काडी बाजारातून का? घरात कागद नाही? कात्री नाही? हात नाहीत? असं खडसावून विचारलं होतं. कचऱ्याबद्दल जे लिहिलं ते मी आजही तसंच लिहीन. त्यातला एक शब्दही —

थांबा. मी परत कचऱ्याकडे वळले. बोलायचं ते टाळायचं असलं की मी ज्या मुद्द्यावर बरोबर आहे त्यावरच बोलायला लागते.

त्या पत्रकात एक वाक्य होतं. ‘हाताचं काम ओळखायला सोपं असतं — ते थोडं वाकडं असतं.’ लोकांना ते फार आवडलं. बायकांनी ते फोनवर एकमेकींना पाठवलं. मी कशावरून लिहिलं होतं? माझ्या स्वतःच्या हातावरून. मी उचगावची, शेतकऱ्याच्या घरची. खुरपं धरलं तर पिकाच्या ओळीत सरळ जाईन, पण कात्री धरली की हात भरकटतो. जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदातून मी पोपट कापले होते, तर धाकटा भाऊ म्हणाला, ‘कोंबडी लई झ्याक जमलीया गं आक्का.’ त्या कोंबड्यांचाच मी झेंडा केला. वाकडं ते खरं. नीट ते विकतचं. तपासलं का मी कधी हे? कुणाला विचारलं? कशाला विचारू — वाक्य ऐकायला चांगलं होतं ना!

त्या पत्रकामुळे शहापुरातल्या एका महिला मंडळानं मला परीक्षक म्हणून बोलावलं. घरगुती केकचं प्रदर्शन होतं, आणि नियम माझ्याच पत्रकातून घेतलेला — केकही घरचा, वरची सजावटही हातची. ज्या बायका निवडल्या जातील त्यांना मंडळाच्या शनिवारच्या बाजारात वर्षभर एक टेबल मिळणार होतं. माझ्या लेखी ते टेबल म्हणजे टेबल. पण घरच्या ओव्हनवर केक करणारीला, जिला दुकान घ्यायची ऐपत नाही तिला, शहापूरच्या बाजारात दर शनिवारी लोकांच्या नजरेसमोर उभं राहायला मिळणं — हे काय असतं, ते मला तेव्हा कळत नव्हतं, असं म्हणणं सोपं आहे. कळत होतं. मी त्यावरही एक पत्रक लिहिलं होतं.

सुनंदाआक्का वडगावहून, विणकरांच्या वस्तीतून, आली होती. चाळिशीची, बारीक अंगाची, स्वतःच विणलेली साडी नेसलेली. तिच्या कपकेकवर मोर होते. प्रत्येक मोर जाड तपकिरी पुठ्ठ्यातून कापलेला, धार अशी की ब्लेडनं ओढली असावी. आणि त्या पुठ्ठ्यात ओळीनं गोल भोकं, सगळी एका मापाची, एका अंतराची. त्या भोकांमधून रेशीम ओवलं होतं, हिरवं, जांभळं, मध्येच जरीचा एक धागा. मोराच्या पिसाऱ्यात साडीचा काठ उतरल्यासारखं दिसत होतं. काडी क्रीममध्ये जाते तिथं तिनं बटर पेपर गुंडाळला होता, पुठ्ठा केकला लागू नये म्हणून. इतका विचार त्या हॉलमध्ये दुसऱ्या कुणीही केला नव्हता.

आणि मी काय पाहिलं? भोकं. फक्त भोकं.

मी तो मोर उपटून वर धरला. सगळ्यांना दिसेल असा. ‘इतकी सारखी भोकं हातानं पडतात का हो?’ मी विचारलं. विचारलं कसलं — घोषणा दिली. ती गडबडली. म्हणाली, ‘भोकं मी न्हाय पाडली मॅडम, ती आधीचीच असत्यात, ते कसं हाय —’

मी तिला तिथंच तोडलं. ‘ऐकलंत? आधीचीच असतात!’

बायका हसल्या. मागून कुणीतरी म्हणालं, ‘पाकिटावरची किंमत तरी काढलीस काय गं?’ पुन्हा हशा. सुनंदाआक्कानं डब्याचं झाकण लावलं. भांडली नाही. तो मोर माझ्याच हातात राहिला आणि तिनं तो परत मागितला नाही.

इथपर्यंत ही चूक आहे. गर्विष्ठ, उद्धट, पण चूक. एवढंच असतं तर मी कधीच सांगून टाकलं असतं. माझ्यासारख्यांना चूक कबूल करायला उलट आवडतं, त्यानं आम्ही अजून थोड्या थोर दिसतो. पण एवढंच नाही.

त्याच आठवड्यात मी नवं पत्रक काढलं. त्यात एक परिच्छेद तिच्यावर होता. नाव नव्हतं — ‘वडगावच्या एका भगिनीने भर प्रदर्शनात विकतची सजावट हातची म्हणून मांडली.’ आता वडगावातून केक घेऊन त्या प्रदर्शनात किती जणी आल्या होत्या? एकच. नाव न घालण्यात माझा मोठेपणा कुठला? उलट नाव घातलं असतं तर तिला मला जाब तरी विचारता आला असता.

तीन-एक आठवड्यांनी ते पत्रक वाटत मी वडगावातच गेले. हो, तिच्याच भागात. मला त्यात काही गैर वाटलं नाही, उलट धाडस वाटलं. एका शेडमध्ये यंत्रमाग चालू होता. मागावरच्या वयस्कर मामांना मी पत्रक दिलं. खडखडाटात त्यांनी ओरडून विचारलं, ‘कशाचं हाय? आमचं करंट बिल माफ झालं काय?’ मी नाही म्हटलं. ‘मग ठेवा तिकडं, चष्मा घावला की वाचतो.’

मी कागद फळीवर ठेवला आणि वर पाहिलं.

मागाच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ फिरत होती. तपकिरी, जाड पट्ट्या, एकीला एक शिवलेल्या, आणि प्रत्येकीत ओळीनं गोल भोकं. एका मापाची. एका अंतराची.

मी विचारलं, हे काय. मामांनी माग थांबवला. कौतुकानं सांगू लागले — हे जकार्डचे पत्ते. साडीची नक्षी सगळी यातच असते. जिथं भोक तिथं सूत वर उचललं जातं. डिझाईन बदललं की जुने पत्ते चुलीत. ‘आमच्या गल्लीतली सुनंदा न्यायची बघा. बसून बसून मोर कापायची, कोयऱ्या कापायची. डोळं फुटायची पाळी, पर कात्री अशी चालायची तिची... केकवर लावायला म्हणं. आता न्हाय न्हेत.’

का, असं मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं. ‘कुणीतरी कायतरी लिवलंय म्हणं तिच्यावर.’

तो लिहिलेला कागद त्यांच्या फळीवर, हातभर अंतरावर पडला होता.

मग मी काय केलं, ते आता सांगते. मी म्हणाले, ‘मामा, हे पत्रक जुनं आहे, नवं आणून देते.’ आणि कागद उचलून पिशवीत घातला. सुनंदाआक्काचं घर चार दारं सोडून होतं — मामांनी हातानं दाखवलंही. मी त्या दिशेला पाठ करून रिक्षा पकडली. पिशवीत बाकीची पत्रकं होती. ती फाडली असतील असं तुम्हाला वाटतंय ना? मलाही तसं लिहायला आवडलं असतं. मी ती अनगोळात वाटली. तिथं माझ्या गल्लीत माग नव्हता, जकार्डचा पत्ता कुणी पाहिला असायची शक्यता कमी होती. चालता चालता मी हे सगळं नीट हिशेबात धरलं होतं. भीतीनं नव्हे, घाईत नव्हे — नीट.

का? पत्रक छापून झालं होतं म्हणून? मैत्रिणींसमोर तोंडघशी पडले असते म्हणून? की ते एक वाक्य मागे घ्यावं लागलं असतं म्हणून? हाताचं काम वाकडंच असतं, हे ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हातानं सरळ काम चाललंय त्यांना मी शिकवत होते. त्यांच्या कौशल्यालाच मी चोरीचा पुरावा ठरवलं होतं. हे मला त्या शेडमध्ये उभ्याउभ्या कळलं होतं, पूर्ण कळलं होतं. कळण्यात काही कमी नव्हती.

पुढे निपाणीच्या एका मेळाव्यात मला भाषणाला बोलावलं. तिथं मी ‘आधीचीच असत्यात’ हे सांगितलं. तिचा आवाज काढून सांगितलं. लोक पोट धरून हसले. मग ते भाषणातलं माझं हुकमी वाक्यच झालं. हॉल थंड वाटला की मी ते काढायची. सगळं माहीत असताना. दर वेळी माहीत असताना.

वर्षभरानं मंडळाच्या अध्यक्षबाईंचा फोन आला. बिचाऱ्या साध्या होत्या. म्हणाल्या, त्या वडगावच्या सुनंदाचा परत अर्ज आलाय, यंदा साधेच केक आणते म्हणते, काडीबिडी काही नाही, काय करूया? एका शब्दाचं काम होतं. ‘घ्या’ म्हणायचं. कारणसुद्धा द्यावं लागलं नसतं. मी म्हणाले, ‘नियम सगळ्यांना सारखा. एकदा फसवलंय त्यांनी.’ असं म्हटल्यावर अध्यक्षबाई काय करणार? टेबल दुसऱ्या कुणाला तरी मिळालं.

तिनं साधे केक आणते म्हटलं होतं, हे मला नंतर कितीतरी दिवस आठवत राहिलं. मोर सोडून द्यायला तयार झाली होती ती.

आणि आता यंदाचं. मागच्या महिन्यात मी बेळगावात केकच्या सामानाच्या दुकानात गेले होते, नव्या पत्रकासाठी टॉपरच्या पाकिटांचे फोटो काढायला. माझं चालूच आहे सगळं. काउंटरपाशी सुनंदाआक्का उभी होती. केसांत पांढरे आले होते. हातात सोनेरी मुकुटांचं पाकीट. तिनं मला ओळखलं, पाकिटाकडे पाहिलं आणि हसली — लपवलं नाही.

म्हणाली, ‘आता आम्ही पाकीटच नेतो बघा. हातानं केलं की लोक इचारत्यात, इकत आणलंय काय म्हणून. इकत आणलं की कोण काय इचारत न्हाय.’

मी काहीतरी पुटपुटले. तिला वाटलं मला वाईट वाटतंय. ती जवळ आली, आणि ‘मॅडम’ सुटून तिच्या तोंडी एकदम ‘गं’ आलं. ‘तू मनाला लावून घेऊ नगस गं. जकार्डचं तुला कुठनं म्हाईत असणार? तू उचगावची, शेतातली पोर. म्हाईत असतं तर तू बोलली नसतीस, हे मला म्हाईत हाय. घरात सगळ्यास्नी मी तसंच सांगितलंय.’

दुकानदार बिल करत होता. पाठीमागे कुणी नव्हतं. तिला सांगायला मला याहून चांगली जागा, याहून चांगली वेळ कधीच मिळणार नव्हती.

मी तिच्या डोळ्यांत बघून म्हणाले, ‘व्हय आक्का. मला काय म्हाईत.’

तिनं माझ्या गालावरून हात फिरवला, पाकीट पिशवीत टाकलं आणि वडगावची बस धरायला निघून गेली.