प्रायश्चित्ताचं क्षौर

माझे भावोजी ढुंढिराज काशीत दूधविनायकात राहतात आणि घाटावर यजमानांची श्राद्धं चालवतात. विद्वान माणूस, पण हट्टी असा की ब्रह्मदेव आला तरी ऐकायचा नाही.

गेल्या गणपतीत दूर्वा खुडताना त्यांच्या पायाला घोणस चावली. इस्पितळात काचेच्या नळीत रक्त घेऊन ठेवलं. वीस मिनिटांनी नळी कलती केली तर पाण्यासारखं वाहिलं, गोठेचना. विषावरची इंजेक्शनं दिल्यावर गोठायला लागलं. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "ज़हर का असर लौट सकता है. कल खून जँचवाने आइए. और अभी उस्तरा मत लगवाइएगा, पंडितजी." यांनी मान डोलावली.

घरी येताच यांच्या डोक्यात वेगळंच शिरलं. इस्पितळात संध्या बुडाली, कुणाकुणाच्या हातचं खाल्लं. आता प्रायश्चित्त हवं, आणि प्रायश्चित्ताला क्षौर हवंच. गीताताई, माझी बहीण, विनवत राहिली. दुसऱ्या दिवशी तपासणीला जायचं सोडून हे शिंदे घाटावर न्हाव्यापुढे बसले. कानामागे वस्तरा जरासा लागला. तुरटी फिरवली, भस्म दाबलं, रक्त थांबेना. तसेच डोक्याला पंचा गुंडाळून नागपूरच्या यजमानांचं श्राद्ध चालवायला गेले.

ताईचा फोन आला आणि मी बँकेतून धावलो. पोचलो तेव्हा पंचा लाल झाला होता.

"भावोजी, उठा. रक्त गोठत नाहीये. जीव जाईल."

"पिंडदान अर्धं टाकून उठत नाहीत, विश्वेश. इतकी घबराहट कशाला, खरचटलंय नुसतं."

पालथ्या घड्यावर पाणी. त्यांना गदागदा हलवावंसं वाटत होतं. तेवढ्यात एक थेंब पिंडावर पडला. विटाळ झाला, कर्म बिघडलं, तेव्हा कुठे हे उठले. जिवासाठी उठले नाहीत, विटाळासाठी उठले. अजून आठवलं की माझं डोकं तापतं.

इस्पितळात पुन्हा नळी, पुन्हा तेच पाणी, पुन्हा इंजेक्शनं. ताई पायाशी बसून होती. संध्याकाळी रक्त गोठल्याचं कळलं. भावोजी डोळे मिटून म्हणाले, "विश्वनाथाने वाचवलं."

जन्मात कधी त्यांना उलट न बोललेली ताई म्हणाली, "विश्वनाथाला पुजारी खंडीभर आहेत. मला नवरा एकच आहे."