खाडाखोडीच्या वह्या

निबंध तपासताना बाई डोळे मिटून बसायच्या. चौथीतलं पोर शेजारी उभं राहून वाचायचं आणि मध्येच बाई म्हणायच्या, "थांब, मला दिसलं नाही." मग पोर वहीत खोडायचं, वर बारीक अक्षरात नवं लिहायचं आणि पुन्हा वाचायला लागायचं.

अंधेरीच्या आमच्या शाळेत फक्त त्यांच्या वर्गात खोडरबरला बंदी होती. एका रेघेने खोडा, आधी काय लिहिलं होतं ते कळलं पाहिजे, असं त्या सांगायच्या. वह्या इतक्या गचाळ दिसत की पालक तक्रार घेऊन येत. बाई त्यांनाही डोळे मिटायला लावून पोराचा निबंध ऐकवायच्या. एक वडील तर तसेच झोपी गेले.

कोळीवाड्यातल्या एका मुलीने 'माझी आई' लिहिला. आई प्रेमळ आहे, हे सगळ्यांचंच पहिलं वाक्य. बाईंना दिसलं नाही. सहा वेळा खोडून तिने लिहिलं, "आई बाजारातून आली की लिंबाने हात धुते आणि मगच माझी वेणी घालते. तरी वास येतो. मी सांगत नाही." बाईंनी डोळे न उघडता तिला ते पुन्हा एकदा वाचायला लावलं.

पुढे गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी बाई रजेवर गेल्या आणि वर्ग माझ्याकडे आला. नेमकी शाळेची तपासणी लागली. बाईंना बोलणी बसू नयेत म्हणून मी सगळे निबंध नव्या वह्यांत उतरवून घेतले. तो वास मला बरा दिसेना. तिथे मी 'माझी आई फार कष्टाळू आहे' असं घातलं. जुन्या वह्या रद्दीत दिल्या. तपासणी झकास झाली. बाई खूश होतील असं मला खरंच वाटलं होतं.

परत आल्यावर बाईंनी त्या मुलीला वाचायला सांगितलं. ऐकून विचारलं, "हे तुझं?"

"नाय बाई, या टीचरचं."

मी सारवासारव करू लागले, तर बाई म्हणाल्या, "मला नको सांगूस. तिची माफी माग."

मी मागितली. नऊ वर्षांच्या मुलीपुढे मला फार लाज वाटली. ती म्हणाली, "चालेल, टीचर."

तिने निबंध पुन्हा लिहायला घेतला. जुनी वाक्यं तिला आठवत नव्हती, मला पाठ होती. सांगू का, म्हणून मी बाईंना विचारलं. "अजिबात नाही. तिची आहेत ती."

त्याच महिन्यात बाई निवृत्त झाल्या. निबंध त्या गेल्यानंतर पूर्ण झाला, म्हणून मुलीने तो मला आणून दाखवला. माझं वाक्य तिने तसंच ठेवलं होतं. मला आवडेल म्हणून त्याखाली पट्टीने रेघही ओढली होती.