चिवडा सोडण्याचं खरं कारण

आमचे हे दर रविवारी मेन रोडवरून चिवडा आणायचे. ते गेल्यापासून, वर्ष होत आलं, मी चिवड्याला हात लावला नाही. सगळ्यांना वाटलं, दुःखामुळे.

आज सकाळी मनमाडहून आलेल्या नणंदेला बेसिनमध्ये रक्त दिसलं. एका बाजूच्या हिरड्यांतून येतं म्हणून मी तिथे ब्रश फिरवणंच सोडलं होतं, तरी चूळ भरताना यायचंच. ती मला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली.

मी वाटेत म्हटलं, "दात साफ केले की हलतात म्हणे."

"न करताही हलायलाच लागलेत ना, वहिनी?"

डॉक्टर म्हणाल्या, "काकू, साचलेल्या थरामुळे हिरड्या सुजल्यात. तो काढला की दात टिकतील. आणि रक्त येतं तिथेच मऊ ब्रश हळू फिरवायचा."

साफ करून झालं. दात जागेवर आहेत, तोंड हलकं वाटतंय. रविवारी चिवडा खायला परवानगी आहे.

येताना नणंदेनेच पुडा घेतला. "आम्ही समजत होतो, दादाच्या आठवणीने सोडला."

आठवण होतीच. पण हिरड्या दुखतात, हे कुणाला सांगावंसं वाटलं नाही.

तुमच्या घरात कुणी आवडीचं खाणं सोडलंय का? एकदा कारण विचाराल?