निळं जॅकेट, लाल थैली

माझी बायको चंदीगडला, सेक्टर ३९मधल्या एका प्रयोगशाळेत पाण्यातलं प्लास्टिक शोधायची. बाटल्या, पिशव्या नव्हे. नुसत्या डोळ्यांना न दिसणारे कण आणि धागे. कामावर जाताना ती सुती कपडेच घालायची, फार तर वर लोकरीची शाल. अंगावरचा नायलॉनचा धागा नमुन्यात पडला, तर तो नदीचा की आपला, हे कसं कळणार?

तिथल्या थंडीत मी मात्र निळं फ्लीसचं, म्हणजे प्लास्टिकच्याच धाग्याचं, जॅकेट अंगावेगळं करत नसे. एका संध्याकाळी ती हसतच घरात शिरली.

"आज भिंगाखाली कोण भेटलं, सांगा बघू?"

"कोण?"

"तुम्ही. निळेशार! अख्खा नमुना वाया घालवलात."

तेव्हापासून जॅकेट तिच्या कपाटातून हद्दपार होऊन दाराबाहेरच्या खुंटीवर गेलं.

पुढे तिची फुप्फुसं आजारी पडली. शेजारच्या बाईंनी मला हळूच विचारलं, "भाई साहब, वही प्लास्टिक तो नहीं?" मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं; दोष द्यायला काहीतरी सापडलं असतं. सेक्टर ३२च्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी तसं काही म्हटलं नाही. तीही खाटेवरून म्हणाली, "हे कण माणसाच्या फुप्फुसात सापडतात, रक्तातही. तिथे ते नेमकं काय करतात, हे अजून पुरतं कळलेलं नाही. माझं आजारपण त्यांच्यावर उगाच ढकलू नका." आणि लगेच, "पण कळेपर्यंत पाण्यात टाकत राहायचं, असाही त्याचा अर्थ नाही."

तिच्या अस्थी घेऊन मी आणि मुलगी सतलजच्या काठी, किरतपूरला गेलो. मुलीला मराठी सगळं कळतं, उत्तर ती हिंदीत देते. अस्थींची थैली स्मशानाबाहेरच्या दुकानातली होती: लाल, चमचमती, सोनेरी किनारीची. त्या दिवशी कापड निरखून पाहण्याची शुद्ध कुणाला होती?

"बाबूजी, थैली समेत छोड़ दीजिए," पंडितजी म्हणाले. "सब ऐसे ही करते हैं."

मी किनार चाचपली. एक धागा सुटून बोटाला चिकटला. सुती नव्हता. आयुष्यभर ती जे पाण्यातून वेचत आली, तेच तिच्याबरोबर सोडायचं?

"नहीं पंडितजी, खोलकर."

"हवा चल रही है. राख उड़ेगी."

"मम्मी को चलेगा," मुलगी म्हणाली आणि गाठ सोडायला बसली. मी पाण्याकडे वळलो तशी ओरडली, "बाबा! जैकेट!"

मी तेच निळं जॅकेट घालून आलो होतो. काढून तिच्याकडे दिलं आणि सदऱ्यावर गुडघाभर पाण्यात उतरलो. ओंजळीओंजळीने अस्थी सोडल्या. थोडी राख खरंच उडाली, माझ्याच तोंडावर आली.

रिकामी थैली आम्ही घरी परत आणली. अशी वस्तू घरात ठेवू नये, फेकून द्या, असं शेजारच्या बाई दोनदा सांगून गेल्या. पण फेकायची कुठे? जिथे फेकू तिथे ती झिजत राहणार, धागा धागा सुटणार, कधीतरी पाण्याला लागणार. बायको असती, तर तिला विचारलं असतं.

सध्या थैली दाराबाहेरच्या खुंटीवर आहे, जॅकेटच्या खाली.