इस्वंताचा तिसरा जीव

आमच्यात बरं करायला सुरी धरायची तर आधी परक्यांवर. तीन परके चिरायचे. तिघेही जगले तर आपल्या माणसाला हात लावायचा. एक जरी मेला तरी जन्मभर मेंढ्या कातरायच्या, आणि त्यानंतर आपल्या माणसावर सुरी चालवली तर चालवणाऱ्याचेच तुकडे.

मर्ग नदीकाठच्या इस्वंताचे दोघे जगले होते. तिसरी मिळाली किनीर नावाची म्हातारी. मातीच्या कोटातून धरून आणलेली, मांडीत बाण. बाण आमचाच.

चौघांनी तिला दाबून धरलं. इस्वंतानं मांडी फाडली, हाडात अडकलेलं टोक दातांनी उपटलं. रक्ताची चिळकांडी थेट त्याच्या दाढीवर. म्हातारी रडेल तर शपथ!

"नीट चीर की रे मेल्या! मेंढरू सोलतोयस काय?"

जखम डागली. आठवड्यानं म्हातारी लंगडत पाण्याला गेली.

वोहुनेम पुजारी नाकातून बोलले, "हंऽऽ, इस्वंत आजपासून बिषज! बरं करणारा! हा शब्द देवानं फक्त आपल्याला दिलाय, हंऽऽ!"

म्हातारी फिदीफिदी हसली. "शब्द आमच्या कोटातला. तुझ्या आज्यानं मेंढरांबरोबर तोही पळवला."

"मग तुमच्यात कुठून आला, आजी?" इस्वंतानं विचारलं.

"आमच्या आधीच्यांकडून म्हणे. ते कोण, देव जाणे."

पुजारीबाबांनी तिच्या तोंडावर ठोसा हाणला. दात तुटले, एक त्यांच्याच मुठीत रुतला. म्हातारी दगडावर आपटली ती उठलीच नाही.

"तिसरी मेली," बाबा मूठ चोखत म्हणाले. "सुरी खाली ठेव."

"बाबा, तुम्ही मारलीत!"

"मेली ना? हंऽऽ, मग झालं तर!"

पाचव्या दिवशी बाबांचा हात भोपळ्याएवढा सुजला, कोपरापर्यंत काळा पडला. मंत्र म्हणून झाले, पाले बांधून झाले. शेवटी इस्वंताला बोलावलं. तो हात काखेत खुपसून उभा राहिला.

"मी बाद झालोय, बाबा. तुम्हाला कापलं तर माझे तुकडे करतील."

"काप रे गाढवा!"

"आधी सांगा, ती कशानं मेली?"

बाबांनी डोळे वटारले. तेवढ्यात अंगठा फुटून पू वाहिला.

"मी मारली!"

"मागच्यांना ऐकू नाही आलं."

"मीच मारली! माझ्या ठोशानं! तुझ्या सुरीनं जगली होती ती!"

सगळ्या वस्तीनं ऐकलं. इस्वंतानं चौघांना बाबांच्या छातीवर बसवलं आणि कोपराच्या वर सुरी टेकवली. बाबांचा आवाज नदीपलीकडच्या मेंढरांपर्यंत गेला.